एक लांब, दोन आखूड

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी वाकडहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. फोनवर त्याचा चेहरा नव्हता. काचेच्या बाजूची एक पेटी होती आणि तिच्यात गुलाबी-निळे पंखे गणपतीच्या मखरातल्या चक्रांसारखे फिरत होते. मागून आवाज आला, "मामा, डिस्प्ले येत नाहीये रे."

हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं २००० साली. डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तेव्हापासून कॉम्प्युटरमधली जवळजवळ एकही वस्तू जुन्या आकाराची उरली नाही, तक्रार मात्र शब्दशः तीच. 'पडदा काळा आहे' असं कुणी म्हणत नाही. डिस्प्ले येतो, येत नाही, जातो, मध्येच येऊन जातो. नळाचं पाणी, लाइट आणि डिस्प्ले ही तिन्ही मंडळी मराठीत एकाच क्रियापदावर चालतात, आणि तिघांच्याही बाबतीत वाट बघण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही असं माझ्या आईचं मत होतं. माझं नव्हतं. मी हात घालणाऱ्यांपैकी.

भाच्याने कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. सुटे भाग कुरिअरने घरी आले, जोडायचं कसं ते त्याने व्हिडिओ बघून शिकून घेतलं, आणि पहाटे अडीचपर्यंत जागून सगळं बसवलं. पंखे फिरत होते, दिवे लागत होते, पडदा काळा. मला मनातून आनंदच झाला, हे कबूल करतो. हल्ली मला विचारण्यासारखं फारसं काही कुणाकडे नसतं.

"बीप किती वाजतायत?" मी जाणकाराच्या आवाजात विचारलं.

"कसले बीप?"

आमचा तो पहिला कॉम्प्युटर 'असेंबल्ड' होता. त्या शब्दात थोडा कमीपणा होता आणि थोडं शहाणपणही: ब्रँडेड परवडत नाही, पण असेंबल्डचे पार्ट सुटे बदलता येतात. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १५ इंची मॉनिटर, विंडोज ९८. बाबांनी पीएफमधून पैसे उचलले होते, म्हणून कॉम्प्युटर घरातला सगळ्यात महाग सदस्य होता आणि त्याची बडदास्तही तशीच होती. आईने मॉनिटरला झालरीचं कव्हर शिवलं. पेटीला (जिला सगळा महाराष्ट्र 'सीपीयू' म्हणतो, आणि ते चूक आहे हे सांगून मी अनेकांना नाराज केलंय) वेगळं कव्हर. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, अक्षता. पुढे पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा मदरबोर्डाखाली तांदळाचे तीन दाणे निघाले, कुंकवासकट. ते कशात अडकून काही बिघडलं नाही, हा देवाचाच कौल म्हणायचा.

डिस्प्ले पहिल्यांदा गेला तो दिवाळीच्या साफसफाईनंतर. पेटी चालू, मॉनिटरचा दिवा हिरवा, पडदा काळाकुट्ट. दुकानदाराकडून 'इंजिनिअर' आला. तेव्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन येणारा प्रत्येक मुलगा इंजिनिअर असायचा. त्याने दिवा बघितला, मॉनिटरच्या खालच्या कडेशी असलेलं दातेरी चाक अंगठ्याने फिरवलं, आणि विंडोजचं निळं आकाश हळूहळू उजाडलं. फडक्याने पुसताना आईकडून ब्राइटनेस शून्यावर गेला होता. व्हिजिटचे दोनशे रुपये. आई त्या चाकाकडे पुढचे आठ दिवस वैऱ्यासारखी बघत होती.

पण त्या दोनशे रुपयांत एक गोष्ट शिकायला मिळाली. जाताना तो म्हणाला, "दिवा हिरवा असेल तर पेटीकडून सिग्नल येतोय. पिवळा असेल तर येत नाहीये. हिरव्यात मॉनिटरकडे बघायचं, पिवळ्यात पेटीकडे." नंतर पंचवीस वर्षं मी लोकांना हेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगत आलोय.

पिवळ्याची पाळी आली पुढच्या पावसाळ्यात. आणि तेव्हा बीप कळले. पेटीच्या आत, पुढच्या बाजूला, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा काळा स्पीकर असायचा, एक लाल आणि एक काळी वायर असलेला. बटण दाबलं की मदरबोर्ड सगळ्यात आधी स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, डिस्प्ले कार्ड आहे का. सगळं जागेवर असेल तर एक छोटा 'पीं'. नसेल तर जे काही बिघडलंय ते पडद्यावर लिहून सांगायची सोय नाही, कारण पडदाच नाही. मग तो वाजवून सांगायचा. आमच्या बोर्डावर अवॉर्ड कंपनीचं बायॉस (ही तपासणी करणारा प्रोग्राम) होतं. त्यात एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. एकामागून एक न संपणारे लांब म्हणजे रॅम. तळमजल्यावर राहणाऱ्या एका काकांच्या बोर्डावर दुसऱ्या कंपनीचं, एएमआयचं बायॉस, त्याची लिपी निराळी: तिथे डिस्प्लेला आठ बीप.

कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या घराला ही भाषा कठीण गेली नाही. मी कॉलेजात असलो आणि काही झालं तर आई दुकानात फोन लावायची आणि रिसीव्हरची तार ताणून तो पेटीपाशी धरायची. पलीकडून इंजिनिअर म्हणायचा, "मावशी, परत एकदा बंद करून चालू करा." मग दोघं मिळून मोजायचे. आईला मदरबोर्ड म्हणजे काय ते कधीच कळलं नाही, पण 'एक लांब, दोन आखूड' ती झोपेतही सांगू शकली असती. हे एक लांब दोन आखूड आमच्याकडे पुढे वाक्प्रचारच झालं. बाबा ऑफिसातून चिडून आले की आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणायची.

तर भाच्याच्या पेटीत स्पीकर नव्हता. आता बहुतेक पेट्यांत नसतोच. त्याऐवजी बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले. तपासणी जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो. वाजवून सांगण्यापेक्षा ही सोय चांगली आहे, यात वाद नाही. कंपन्यांच्या वेगवेगळ्या लिप्या पाठ कराव्या लागत नाहीत.

"कुठला दिवा लागलाय?"

"डीरॅम. पिवळा."

"मग झालं! रॅम काढ. घरात खोडरबर आहे का?"

पलीकडे जरा शांतता. मग धाकट्या भाचीचा आवाज, "माझा आहे, पण परत दे." कंपासपेटी उघडल्याचा आवाज.

खोडरबर हे आमच्या पिढीचं रामबाण औषध. जादूटोणा नव्हता तो, त्याला कारण होतं. रॅमची पट्टी मदरबोर्डाच्या खाचेत बसते ती तिच्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्यांवर. आमच्या त्या काळच्या एसडीरॅमला १६८ पट्ट्या, प्रत्येक बाजूला ८४. खाचेतल्या पिना स्प्रिंगसारख्या त्यांना घट्ट धरतात. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या दमट हवेत, त्यात धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट धूर मिसळला की मध्ये एक पुसट थर बसतो. डोळ्यांना दिसतो न दिसतो. पण १६८ पैकी एकीचा जरी संपर्क तुटला तरी बोर्डाच्या लेखी रॅम नाही, आणि रॅम नाही म्हणजे डिस्प्ले नाही.

म्हणून पेटी आडवी करायची. आधी वायर भिंतीतून काढायची, मग पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज घालवायची. (आमच्याकडे अर्थिंग यथातथाच, त्यामुळे उलट पेटीच आम्हाला झिणझिण्या द्यायची, प्लग काढल्याशिवाय तिला शिवायचं नाही असा दंडक होता.) रॅमच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी आपोआप वर उचलली जायची. ती कडांनी धरायची, फुलपाखरासारखी. वहीच्या पानावर ठेवायची आणि पांढऱ्या, न झिजलेल्या खोडरबराने एकाच दिशेने, वरून खाली, हलकेच. मागेपुढे घासायचं नाही. दोनचार फेऱ्यांत खोडरबराला काळपट रेघ यायची, आणि त्या रेघेचं जे समाधान असायचं ते मला पुढे कशातच मिळालं नाही: बघा, घाण होती! मग फुंकर मारायची नाही, कारण तोंडाची वाफ. ब्रश फिरवायचा. खाचेत पट्टी सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यायचा. आधी डावीकडे 'कट', मग उजवीकडे 'कट'. दुसरा कट ऐकू आला नाही तर समजायचं, पुन्हा पेटी उघडावी लागणार.

दहातल्या सहा वेळा डिस्प्ले यायचा. उरलेल्या चार वेळांसाठी बाकीची गोष्ट आहे.

भाच्याने रॅम काढली, पुसली, लावली. मी ओरडलो, "कट आला का?" आला. दोन्ही बाजूंचा. पिवळा दिवा लागला, आम्ही दीडेक मिनिट बघत राहिलो, दिवा तसाच. "परत काढ," मी म्हटलं. "एकच पट्टी लाव. आता दुसऱ्या खाचेत." प्रत्येक वेळी मिनिट-दीड मिनिट, आणि बंद.

"मॉनिटरच खराब नसेल ना?" बहिणीने मागून विचारलं. प्रश्न रास्त होता. दिवा डीरॅमचा असताना मॉनिटरवर संशय घ्यायची गरज नव्हती, पण रोग सापडत नाही म्हटल्यावर माणूस कुणावरही संशय घेतो.

बिघाड ओळखायची शेवटची आणि एकमेव खात्रीची रीत तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे. संशयित वस्तू काढायची, तिच्या जागी चालू वस्तू लावायची. प्रश्न एवढाच की चालू वस्तू आणायची कुठून? २००१ साली आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडांत दोन कॉम्प्युटर होते. एक आमचा, दुसरा तळमजल्यावरच्या बँकेतल्या काकांचा. आमचा मॉनिटर चालतो की नाही हे बघायचं तर तो काकांच्या पेटीला लावायचा. म्हणजे तीन मजले उतरवायचा.

१५ इंची काचेच्या नळीचा मॉनिटर तेरा-चौदा किलोचा असायचा, आणि ते सगळं वजन पुढे, काचेत. म्हणून तो उचलताना पडद्याकडची बाजू छातीशी धरायची, लहान मुलाला कडेवर घेतल्यासारखी, आणि मागचं शेपूट जिन्याकडे. पायाखालची पायरी दिसत नाही. पुढे बाबा, "आता वळण, आता वळण" म्हणत. काकूंचं दार उघडं. काकांची अट, 'आभाळमाया' संपल्यावर. मालिका संपेपर्यंत आम्ही चौघं आणि आमचा मॉनिटर सोफ्यावर बसून ती बघायचो. मग काका चष्मा पुसत विचारायचे, "याच्यातून व्हायरस तर नाही ना येणार आमच्याकडे?" मॉनिटरमधून व्हायरस येत नाही, मी पुनःपुन्हा सांगायचो. "तसं नाही रे, पण एकदा विचारलेलं बरं."

तिथे आमच्या मॉनिटरने त्यांच्या पेटीवर चित्र दाखवलं, म्हणजे तो निर्दोष सुटला. त्याच बैठकीत काकांना त्यांच्या मॉनिटरवर सगळं गुलाबीसर का दिसतं ते सापडलं. व्हीजीएच्या प्लगमध्ये १५ पिना असतात, पाचाच्या तीन ओळी. त्यातली हिरव्या रंगाची पिन वाकून आडवी झालेली. हिरवा गेला की उरतो लाल आणि निळा, म्हणून गुलाबी. मी रिकामी रिफिल मागितली. बॉलपेनच्या रिफिलचं मागचं पोकळ तोंड त्या पिनेवर अलगद बसतं आणि ती न मोडता सरळ करता येते. काका मधल्या ओळीतली गाळलेली जागा बघून दचकले, "इथली तर तुटूनच गेलीय!" बऱ्याच केबलींत ती पिन मुळात नसतेच. हे पटवायला मला आमची केबल काढून दाखवावी लागली. त्यानंतर तीन वर्षं इमारतीत कुठेही डिस्प्ले गेला की काका वरती हाक मारायचे, "अरे, तुझी रिफिल घेऊन ये."

सगळं काही इतकं गोजिरवाणं नव्हतं. आठ-आठ दिवस इंजिनिअर यायचा नाही. प्रोजेक्टची सबमिशन तोंडावर, छापायचं राहिलेलं, आणि लोडशेडिंग. एकाने आमची चांगली रॅम 'गेली' सांगून बदलली आणि जुनी खिशात घालून नेली. हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं, तोपर्यंत त्याने दुकानच गुंडाळलं होतं.

वाकडला बहिणीच्या घरात मॉनिटर सोडून मोजले तर चार पडदे आहेत. भिंतीवरचा टीव्ही, दोन लॅपटॉप, एक टॅब, फोन सोडून द्या. "टीव्हीला लावून बघ," मी म्हटलं. पण मॉनिटरबरोबर आलेली केबल डिस्प्लेपोर्टची, टीव्हीला लागते एचडीएमआय. घरातली एकुलती एक एचडीएमआय केबल सेट-टॉप बॉक्सला, आणि टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला की मागे हात धड जात नाही. लॅपटॉपला लांबट गोल तोंडाचे दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, दिसायला जुळे. त्यातल्या एकातूनच चित्र बाहेर जातं, आणि तेही बाहेर, आत नाही. आमच्या वेळी मॉनिटर म्हटला की निळं तोंड, १५ पिना, जगात कुठेही जा. १९८७ मध्ये आयबीएमने ते आणलं आणि पुढची वीस-एक वर्षं कुणाला विचारावं लागलं नाही की तुझी केबल कुठली.

"शेजारी माग ना एखादी."

"शेजारी?"

"कोण राहतं?"

"माहीत नाही," भाचा म्हणाला. थोडं थांबून, "त्यांच्याकडे कुत्रा आहे."

केबल त्याने ॲपवर मागवली. तेरा मिनिटांत दारात. मला त्यावर काही वाईट बोलायचं होतं, पण तीन मजले मॉनिटर उतरवून, पाऊण तास मालिका बघून आम्ही जे केलं असतं ते या मुलाने तेरा मिनिटांत बसल्याजागी केलं. टीव्हीवर अक्षरं आली: नो सिग्नल. म्हणजे मॉनिटर पुन्हा एकदा निर्दोष. पंचवीस वर्षांत मॉनिटर फारसे दोषी निघालेले मी पाहिले नाहीत, तरी पहिला संशय नेहमी त्यांच्यावरच.

आता माझ्याकडे शेवटचं अस्त्र राहिलं. "बोर्डावर एक गोल बॅटरी दिसते का, नाण्याएवढी? सीआर२०३२?"

ही बॅटरी तेव्हाही तीच, आजही तीच. तीन व्होल्टची, जुन्या कॅल्क्युलेटरात असायची तसली. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवते. आमच्या काळी तिच्याच जिवावर बोर्डाच्या सगळ्या सेटिंगही टिकायच्या. ती काढून पाच मिनिटं थांबलं की बोर्ड सगळं विसरतो आणि कोऱ्या पाटीने सुरू होतो. नवख्या कुणी नको ती सेटिंग केली असेल तर हा उतारा. आमच्याकडे तो निदान चार वेळा लागू पडला होता. पाचव्यांदा नाही पडला, आणि मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार.

ते २००४. बीप नाही, काही नाही, पंखा फिरून थांबायचा. मी बोर्ड काढला, चंदेरी पिशवीत घातला, ती पिशवी टॉवेलात, टॉवेल कॉलेजच्या सॅकमध्ये. डोंबिवली ते दादर सॅक पोटाशी, दादरला पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, ग्रँट रोड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव त्या रस्त्याला, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन. पहिल्या मजल्यावरच्या पाऊण खणाच्या दुकानात दहा-बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात कसली ना कसली पिशवी. काउंटरवर पुठ्ठ्याचा खोका उपडा, त्यावर बोर्ड. पेटी नाही, बटण नाही. दुकानातल्या पोराने एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, जोडला, आणि ज्या दोन पिनांना बटणाची वायर लागते त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. एवढंच, टेकवलं. मी श्वास रोखून. काही झालं नाही.

त्याने बोर्ड डोळ्यांसमोर आडवा धरला आणि प्रोसेसरच्या बाजूच्या छोट्या डब्यांच्या रांगेवरून नखं फिरवली. "हे बघ. तीन फुगलेत." कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट असतं आणि त्यावर फुलीसारख्या रेघा कोरलेल्या असतात, आत वायू साठला तर तिथून फाटावं म्हणून. तीन डोकी कढईतल्या पुरीसारखी वर आली होती आणि एकावर तपकिरी खपली धरली होती.

आमच्या घरातल्या विजेचा दोष असेल असं मला वाटलं. खूप नंतर कळलं की १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर असे लाखो कपॅसिटर फुगले. आतल्या द्रावणाचं मिश्रण चुकलेलं होतं. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर टिकायचा नाही, पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटायचा आणि डबी फुगायची. मोठ्यामोठ्या कंपन्यांनाही त्याचा फटका बसला. पण त्या दिवशी ते मला माहीत नव्हतं. पोराने खालच्या गल्लीतल्या फुटपाथवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवलं. तो बाकड्यावर बसून चहा पीत होता. चष्म्यावर भिंग लावून त्याने तिन्ही डब्या उपटल्या, राळेचा गोडसर धूर झाला, नव्या बसवल्या. पिशवीतून नव्या निवडताना त्याने मला दाखवलं, काळा पट्टा ज्या बाजूला ती उणे. उलटी बसली तर? तो हसला आणि चहाचा ग्लास जरा बाजूला सरकवला. साठ रुपये. परत वर जाऊन स्क्रूड्रायव्हर टेकवला. पीं. एकच.

काउंटरच्या त्या टोकापर्यंतची सगळी माणसं वळून बघत हसली. प्रत्येकजण आपापल्या पिशवीतल्या त्या एका 'पीं'साठी आला होता.

हे सगळं मी भाच्याला बॅटरी काढून ठेवल्याच्या पाच मिनिटांत सांगितलं. तो 'हो, हो' करत होता. मग म्हणाला, "मामा, एक मिनिट. इथे काहीतरी लिहिलंय."

बोर्डाबरोबर एक छोटी घडीची पत्रिका आली होती. मी माझ्या आयुष्यात एकही अशी पत्रिका वाचली नाही. त्यात लिहिलं होतं की नवी रॅम बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड तिला 'ट्रेन' करतो, त्या वेळात पडदा काळा राहतो, डीरॅमचा दिवा लागतो, आणि याला काही मिनिटं लागू शकतात. वीज बंद करू नये.

मी थोडा वेळ काही बोललो नाही. आमची ती रॅम सेकंदाला दहा कोटी वेळा देवाणघेवाण करायची. याची सहाशे कोटी वेळा. एवढ्या वेगात बोर्डावरच्या एका तारेचा इशारा दुसरीपेक्षा केसभर उशिरा पोचला तरी चुकतो. म्हणून बोर्ड एकेक तार चाचपून बघतो, कुणाला कधी वाचायचं ते ठरवतो आणि लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा करायला नको. रॅम काढून लावली की ते सगळं पुसलं जातं. बॅटरी काढली तरी पुसलं जातं. गेला दीड तास तो बोर्ड बिचारा पुनःपुन्हा शिकायला बसत होता, आणि धडा संपत आला की मी त्याला शाळेतून उठवत होतो.

"मग आता काय करायचं?" भाच्याने विचारलं.

"दोन्ही पट्ट्या लाव. बॅटरी लाव. चालू कर."

"आणि?"

"आणि काही नाही. हात लावू नकोस."

फोन त्याने टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, मॉनिटरकडे तोंड करून. आम्ही दोघं एका काळ्या पडद्याकडे बघत बसलो, तो वाकडला, मी इथे. बहिणीने चहा आणला, त्यात तो बिस्किट बुडवत होता ते ऐकू येत होतं. तिसऱ्या मिनिटाला माझा हात नुसता शिवशिवत होता. पाचव्याला मी म्हणणार होतो की एकदा फक्त केबल हलवून बघ. त्याने नोकरीचा विषय काढला, नोटीस पिरियडचं काय करावं म्हणून. मी काहीतरी सांगत होतो. आजीच्या गुडघ्याचं निघालं. आजी म्हणजे माझी आई. ती अजून डोंबिवलीतच आहे, त्याच घरात, आता इमारतीला लिफ्ट झालीय. तिला हे सांगितलं पाहिजे, मी म्हटलं, वाट बघण्याचं तिचं बरोबर होतं.

मध्येच पंख्यांचा आवाज बदलला. पिवळा दिवा विझला, पांढरा लागला, तोही विझला. पडदा एकदा करडा झाला आणि मधोमध बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह उमटलं. पीं वाजला नाही. मी वाट बघत होतो.

"मामा, आला!"

मागून भाची ओरडली, "दादा, माझा खोडरबर!"

तो दिसायला तयार नव्हता. शेवटी पेटीच्या आत सापडला, डिस्प्ले कार्डावर, आणि कार्डाचे पंखे फिरत होते.